गळणे, मर्यादा आणि जिवाणी

पाणी गाळून प्यावे, ही शिकवण आपल्या घरांतून मुलाला मुळाक्षरांच्याही आधी मिळते. दाट विणीचे कापड दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर धरावे व त्यातून पाणी ओतावे, एवढी कृती सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु शास्त्राची आज्ञा एवढ्यावरच थांबत नाही. तिचे आणखी दोन भाग आहेत, आणि ते सांप्रत बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहेत. पहिला भाग मर्यादेचा. गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरतेच, म्हणजे ४८ मिनिटांपुरतेच, गाळलेले मानावे. त्यानंतर ते पुन्हा गाळावे. दुसरा भाग जिवाणीचा. गळण्यावर जे सूक्ष्म जीव अडकले ते कोठेही झटकून न टाकता गळणे गाळलेल्याच पाण्याने उलट बाजूने धुवावे, आणि ते धुवण ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत पोचवावे. तेही वरून फेकून नव्हे. बुडाला कडी असलेली बादली पाण्याच्या पातळीपर्यंत सोडून मगच ती उलटावी, असा जुन्या घरांतील दंडक होता.

गळणे, मर्यादा व जिवाणी ही तीन अंगे मिळून ती एक क्रिया पूर्ण होते. या क्रियेचा हेतू जीवदया हा आहे, आरोग्य हा नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. धर्माज्ञेला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याचा उद्योग येथे करावयाचा नाही. परंतु एका पदार्थातून दुसरा पदार्थ वेगळा काढण्याचे जे शास्त्र आज पिण्याच्या पाण्यापासून रोग्याच्या रक्तापर्यंत सर्वत्र उपयोगात येते, त्यालाही हीच तीन अंगे आहेत. वेगळे करणारे साधन कोणते? ते किती काळ काम देते? आणि जे वेगळे काढले ते कोठे जाते? आपल्या समाजाचे जलदान व औषधदान अलीकडे यंत्रांच्या रूपाने होऊ लागले आहे. पहिल्या प्रश्नावर आपण सढळ हाताने खर्च करतो. पुढील दोन प्रश्न आपल्या सभांतून क्वचितच विचारले जातात. त्या दोन प्रश्नांकडे संघबंधूंचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुकटपल्लीत राहणाऱ्या माणसाला या विषयाचे धडे शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपल्या शेजारीच बालानगरला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहिला. आपल्या वस्तीचे नाव धारण करणारा नाला हुसेनसागरास जाऊन मिळतो. मुंबई रस्त्याने पश्चिमेस गेले की पटणचेरू लागते. आणि शहराच्या आग्नेयेस नलगोंडा जिल्हा आहे, जेथील पाण्याने माणसांची हाडे वाकवली. या साऱ्या ठिकाणांचा इतिहास एकाच सूत्रात ओवता येतो.

चाळणीने काय निघते आणि काय निघत नाही

धान्याच्या व्यापाऱ्याला वेगळे करण्याची विद्या नवी नाही. खडे व माती चाळणीने निघतात, कारण त्यांचा आकार दाण्याहून निराळा असतो. कोंडा व फोलपट सुपाने पाखडून निघते, कारण ते वजनाला हलके असते. परंतु धान्यात ओलावा असेल तर तो जगातील कोणत्याही चाळणीने निघणार नाही. त्याला ऊनच दाखवावे लागते. म्हणजे दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याखेरीज साधन ठरविता येत नाही. पाण्याचेही असेच आहे.

पाण्यातील जो दोष आकाराने मोठा आहे तो साध्या कापडाने निघतो, आणि हा लाभ मुळीच किरकोळ नव्हे. नारू हा रोग आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. आंध्र, महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात इत्यादी राज्यांत पायविहिरींच्या पाण्यातील बारीक जलपिसवांच्या द्वारे तो पसरत असे. त्यावर लस नव्हती व खात्रीचे औषधही नव्हते. पाणी कापडाने गाळणे, पायविहिरी बंद करून सुरक्षित पाणी देणे व रोग्याला पाण्यात उतरू न देणे, याच उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त म्हणून घोषित केला. पुढे बांगलादेशातील मतलब भागातील खेड्यांतून रिटा कोलवेल या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला की, स्त्रियांनी जुनी सुती साडी चार किंवा अधिक पदरी घडी करून घागरीच्या तोंडावर धरावी व पाणी भरावे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या खेड्यांत पटकीचे रोगी सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. नव्या साडीपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेली साडी अधिक चांगली ठरली, कारण वापराने तंतू फुलून छिद्रे बारीक होतात.

परंतु जो दोष पाण्यात विरघळून गेला आहे तो कापडाला दिसतही नाही. साखरेचे पाणी कितीही वेळा गाळले तरी गोडच राहते, तसेच हे आहे. फ्लोराइड नावाचा क्षार असा विरघळलेला दोष आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा. आपल्या काट्याच्या भाषेत सांगावयाचे तर १० क्विंटल धान्यात एक ग्रॅम भेसळ, एवढे हे सूक्ष्म प्रमाण आहे. एवढ्याशा अंशाने दात पिवळे पडतात आणि प्रमाण वाढले की पाठीचा कणा ताठरतो, हे प्रथम सांगून पटले नसते.

नलगोंड्याचे पाणी व नागपूरची युक्ती

आपल्या देशात या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यात झाली. नलगोंडा जिल्ह्यातील रोगाचे वर्णन डॉ. सिद्दिकी यांनी १९५५ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या वेळी हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. पुढे १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कमला कृष्णस्वामी यांनी तरुण मुलांचे गुडघे आत वळून पाय फाकण्याच्या विकृतीवर लेख लिहिला आणि तिचा संबंध फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रदेशाशी जोडला. याच संस्थेतून १९७७ मध्ये असेही दाखविण्यात आले की, भाताच्या आहारापेक्षा ज्वारीच्या आहारात शरीर अधिक फ्लोराइड धरून ठेवते. ज्वारी विकणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये. पण दोष ज्वारीचा नाही, पाण्याचा आहे, हेही सांगितलेच पाहिजे. ज्या गावचे पाणी निर्दोष, तेथे ज्वारीसारखे सकस धान्य नाही.

या पाण्यावर स्वस्त उपाय काढला तो महाराष्ट्रातील नागपूरने. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. या संस्थेतील नवलाखे, कुलकर्णी, पाठक व बुलुसू यांनी १९७५ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली ती ‘नलगोंडा पद्धत’ या नावाने जगभर ओळखली जाते. तिला परदेशी यंत्र लागत नाही. तुरटी, चुना आणि निर्जंतुकीकरणासाठी विरंजक चूर्ण, एवढीच सामग्री. आणि ही तिन्ही आपल्या बाजारात मिळतात. तुरटी व चुना पाण्यात ढवळला की कापसाच्या पुंजक्यांसारखा साका तयार होतो, तो फ्लोराइड आपल्या अंगावर ओढून घेतो व तळाशी बसतो. वरचे पाणी तोटीने काढून घ्यावयाचे. ही तोटी बुडापासून थोडी वर बसवावी, म्हणजे गाळ पाण्याबरोबर येत नाही.

आता या युक्तीला आपले दोन प्रश्न विचारून पाहू. मर्यादा कोणती? गढूळपणा काढण्यास चिमूटभर तुरटी पुरते, पण फ्लोराइड काढण्यास तिच्या अनेक पट लागते. प्रत्येक विहिरीच्या पाण्याचा क्षार व फ्लोराइड मोजून तुरटीचे माप ठरवावे लागते. अंदाजाने टाकली तर एक तर फ्लोराइड राहते, नाही तर तुरटीचा अंश पाण्यात उरतो. आणि जिवाणी कोठे? तळाशी बसलेल्या साक्यातच सारे फ्लोराइड असते. तो साका विहिरीच्या काठावर ओतला तर पहिल्या पावसात तो पुन्हा त्याच विहिरीकडे वाट काढतो. येथे आपल्या आज्ञेचा शब्द नव्हे तर भाव ध्यानात घ्यावा लागतो. जिवंत प्राणी त्याच्या घरी पोचवावा आणि विष मात्र घरापासून दूर न्यावे. दोन्हींत विवेक एकच, की वेगळे काढलेल्या वस्तूची जबाबदारी वेगळे काढणाऱ्याची आहे.

नंतर क्रियाशील अॅल्युमिना नावाचे दाणेदार द्रव्य आले. घरगुती गाळणीत ते भरले की काही महिने फ्लोराइड शोषते. मग त्याची भूक भागते व पाणी जसेच्या तसे खाली उतरते. रंगात, वासात, चवीत काहीही फरक पडत नाही. त्यामुळे पिणाऱ्याला आपण गाळलेले पाणी पितो असेच वाटत राहते. ते द्रव्य दाहक सोड्याने व मग आम्लाने धुऊन पुन्हा कामास येते. पण खेड्यात हे धुण्याचे काम कोण करणार आणि धुवण कोठे टाकणार, या ठिकाणी अनेक योजना अडल्या. २०१६ पासून तेलंगणात मिशन भगीरथ योजनेने कृष्णा-गोदावरीचे नदीचे पाणी गावोगावी नेण्यास प्रारंभ केला. निर्दोष माल मिळत असेल तर चाळण्याचा खटाटोप कशाला, हाच व्यवहार येथे शहाणपणाचा आहे. परंतु महाराष्ट्रातील यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर या सीमेलगतच्या जिल्ह्यांतही फ्लोराइडची गावे आहेत, आणि तेथे आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे-संबंधी राहतात.

तीच तुरटी, दुसरा रोगी

जे साधन एका रोग्यास तारते ते दुसऱ्यास मारू शकते, याचे तुरटीइतके बोलके उदाहरण नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त यंत्राने धुतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. या क्रियेचे बीज स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांच्या १८६१ च्या प्रयोगांत आहे. चर्मपत्रासारख्या पडद्यातून लहान कण पार होतात व मोठे अडतात, असे त्यांनी दाखविले. १९४३ मध्ये हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपाला गुंडाळून माणसाचे रक्त धुण्याचे यंत्र बनविले. आजच्या गाळणीत केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंचा जुडगा असतो. तंतूच्या आतून रक्त वाहते, बाहेरून शुद्ध पाण्याचे द्रावण वाहते, आणि तंतूच्या भिंतीतून रक्तातील मळ द्रावणात उतरतो.

येथे पाण्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मिनिटाला ५०० मिलिलिटर या गतीने ४ तासांत १२० लिटर द्रावण त्या पडद्यापलीकडून वाहते. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे ३६० लिटर. निरोगी माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे धरले तर आठवड्याला १४ लिटर होतात. पुन्हा प्यायलेले पाणी आतड्यातून गाळून रक्तात येते व नको तो अंश मूत्रपिंडे बाहेर टाकतात. या रोग्याला ना आतड्याची आड, ना मूत्रपिंडाची वाट. शहराच्या जलशुद्धीकरणात वापरलेल्या तुरटीचा अत्यल्प अंश पाण्यात राहतो. आपल्याला त्याने काही होत नाही. परंतु १९७० नंतरच्या दशकात रक्त धुवून घेणाऱ्या काही रोग्यांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती गेली. १९७६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉ. आल्फ्रे यांनी अशा रोग्यांच्या मेंदूत अॅल्युमिनियम साठल्याचे दाखविले. तुरटीतील तोच धातू. तेव्हापासून या क्रियेचे पाणी आयन-विनिमयाच्या राळेतून व अतिसूक्ष्म पटलातून काढून घेतल्याखेरीज वापरू नये, असा नियम रूढ झाला.

यावरून दात्यांनी काय घ्यावे? रक्त धुण्याचे यंत्र हा त्या सेवेचा निम्मा भाग असून शुद्ध पाण्याची व्यवस्था हा उरलेला निम्मा आहे. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. मागच्या खोलीतील पाण्याच्या टाकीवर कोणी कोरीत नाही. म्हणून आपले लक्ष यंत्राकडे जाते. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री योजना सुरू झाली, आणि केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे गरीब रोग्यास ही सेवा विनामूल्य मिळण्याची सोय पुष्कळ वाढली आहे. तरीही आठवड्याच्या तीन फेऱ्या म्हणजे वर्षाच्या १५६ फेऱ्या होतात. त्यांचे गाडीभाडे, बरोबर येणाऱ्याची बुडालेली मजुरी, आणि पाण्याची नियमित तपासणी, या गोष्टींना दाता मिळत नाही. तेथेच आपला पैसा अधिक मोलाचा ठरेल.

औषधांचे मातेरे

कुकटपल्लीचा आजचा पसारा पाहताना तिच्या शेजारच्या एका कारखान्याचे स्मरण ठेवले पाहिजे. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना १९६१ मध्ये झाली आणि सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने तिचा कृत्रिम औषधांचा कारखाना बालानगर येथे उभा राहिला. परदेशी औषधे सामान्य माणसास परवडत नव्हती, अशा काळात सल्फा औषधे व जीवनसत्त्वे येथे तयार होऊ लागली. १९९२ मध्ये ही कंपनी आजारी उद्योग म्हणून घोषित झाली व २०१६ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. परंतु तेथे शिकलेली माणसे बाहेर पडली होती. डॉ. अंजी रेड्डी हे त्यांपैकी सर्वांस परिचित नाव. त्यांनी १९८४ मध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. औषधनिर्मितीचे केंद्र म्हणून हैदराबादचा जो लौकिक आहे, त्यास या कारखान्याचा मोठा हातभार लागला आहे.

औषधाच्या कारखान्यात नवा पदार्थ घडविणे हे काम थोडे आणि तो इतरांपासून वेगळा काढणे हे काम फार. द्रावकात विरघळवावे, गाळावे, स्फटिक पाडावे, पुन्हा धुवावे, वाळवावे. या प्रत्येक पायरीस काही तरी मागे उरते. रॉजर शेल्डन या शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये निरनिराळ्या उद्योगांचा हिशेब मांडला, तेव्हा औषधांच्या धंद्यात एक किलो मालामागे २५ ते १०० किलो व त्याहूनही अधिक टाकाऊ पदार्थ निघतो असे त्यास आढळले. आपल्या बाजारात क्विंटलमागे किलोभर मातेरे निघाले तरी अडत्याचा व गिऱ्हाइकाचा वाद होतो. येथे एक पोते दाण्यामागे पंचवीस पोती मातेरे! ते कोठे जात होते?

त्याचे उत्तर आपल्या भागातील ओढ्यांनी दिले. उद्योगांचे व वस्तीचे सांडपाणी घेऊन कुकटपल्ली नाला वर्षानुवर्षे हुसेनसागराकडे वाहत आला. पटणचेरूचे उदाहरण तर जगभर गाजले. तेथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक शुद्धीकरण केंद्रात येत असे. स्वीडनमधील योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणारे पाणी तपासले. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केले की, त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या जंतुनाशक औषधाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आहे. काही जंतूंना मारण्यास जेवढे पुरे त्याच्या हजार पटींहून अधिक. अशा पाण्यात जे जंतू तगतात त्यांच्यावर ते औषध पुढे चालेनासे होते. म्हणजे रोग्यास बरे करण्यासाठी जे औषध घडविले त्याचीच टाकाऊ धार त्या औषधाला निकामी करू लागली. जिवाणीची जबाबदारी न घेतल्याचे याहून कडू फळ कोणते असेल?

आपल्या शास्त्रांत श्रावकास निषिद्ध अशा पंधरा धंद्यांची गणना आहे. तळी व जलाशय शोषून घेणे हा त्यांपैकी एक. तळे कोरडे करणे आणि तळे विषारी करणे यांत कोणते पाप मोठे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र येथे एकांगी बोलणे बरे नव्हे. आज मोठ्या कारखान्यांपैकी कित्येकांनी सांडपाणी बाहेर न सोडण्याची पद्धत स्वीकारली आहे. पटलांनी व बाष्पीभवनाने पाणी परत मिळवावयाचे आणि उरलेला घट्ट क्षार घातक पदार्थांच्या सुरक्षित भरावात पाठवावयाचा. दुंडिगलला असा भराव आहे. यास खर्च येतो व मालाची किंमत थोडी वाढते. ती वाढ म्हणजे जिवाणीची मजुरी समजावी.

संशोधन करणाऱ्यांनी काय शिकविले

आपल्या शहरात या विद्येचे जुने पीठ म्हणजे तारनाका येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था. निजामाच्या राज्यात १९४४ मध्ये ती मध्यवर्ती प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, १९५६ मध्ये राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या परिवारात आली आणि १९८९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. येथील पटलांवर काम करणाऱ्या विभागाने प्रयोगशाळेतील पडदा खेड्याच्या पाण्यापर्यंत नेण्याचे काम केले आहे. कुकटपल्लीत तर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवारच आहे. पाणी तपासून घेण्यास व जाणत्यांचा सल्ला विचारण्यास आपल्याला नदी ओलांडण्याचेही कारण नाही.

पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राचे काम धान्यव्यापाऱ्यास विशेष रुचेल. भाताची तुसे जाळून उरलेली राख म्हणजे आपल्या दृष्टीने केवळ केर. त्या राखेत सिलिका विपुल असते व तिची छिद्रे अतिसूक्ष्म असतात, हे जाणून तेथील शास्त्रज्ञांनी ‘सुजल’ नावाची स्वस्त गाळणी बनविली. पुढे त्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ ही गाळणी बाजारात आणण्यात आली. ७४९ रुपयांपासून तिची किंमत होती व तिला वीज लागत नसे. मला सर्वांत मोलाची वाटली ती तिच्यातील एक लहानशी योजना. सुमारे ३,००० लिटर पाणी गाळून झाले की ती गाळणी आपोआप बंद पडे व पाणी खाली येतच नसे. ज्यांनी ती बनविली त्यांनी मर्यादा ही गोष्ट वापरणाऱ्याच्या स्मरणावर न सोडता यंत्राच्या अंगातच बांधून टाकली. पिणाऱ्याला फसवून चालत राहण्यापेक्षा थांबलेले यंत्र अधिक प्रामाणिक होय.

जिवाणी खाते

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परिचयाच्या एका गावी एका उदार गृहस्थाने वडिलांच्या स्मरणार्थ आर.ओ. म्हणून ओळखले जाणारे पाणी शुद्ध करण्याचे संयंत्र बसवून दिले. समारंभ झाला, संगमरवरी पाटी लागली. संयंत्राचे पटल ठरावीक काळाने बदलावे लागते हे कोणी सांगितले नव्हते आणि त्यासाठी रक्कमही कोणी ठेवली नव्हती. तीन वर्षांनी पाणी तपासले तेव्हा आत जाणारे व बाहेर येणारे पाणी जवळजवळ सारखेच निघाले. मागच्या बाजूस टाकाऊ खारट पाण्याचा ओहोळ वाहून शेजाऱ्याच्या शेताचा एक तुकडा पांढरा पडला होता. दात्याचा हेतू निर्मळ होता, खर्चही योग्य होता. उणीव होती ती मर्यादेच्या व जिवाणीच्या विचाराची. गावकरी मात्र तीन वर्षे निर्धास्तपणे तेच पाणी पीत होते.

अशा संयंत्रांचे वर्म हेच की, लहान यंत्रांत आत गेलेल्या पाण्यापैकी बरेचदा निम्म्याहून अधिक पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते, आणि काढलेले सारे क्षार त्यात दाटलेले असतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असे मत दिले की, ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे या यंत्रांना मनाई असावी, आणि जेथे ती वापरली जातील तेथे निदान ६० टक्के पाणी उपयोगात यावे. नळाला नदीचे गोडे पाणी येत असताना केवळ शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपणही हे यंत्र बसवावे आणि घागरी-घागरी पाणी मोरीत सोडावे, हा आपल्या अनर्थदंड-विरमण व्रताचा उघड भंग होय.

आहार, औषध, ज्ञान व अभय या चार दानांची परंपरा आपण सांगतो. बाजारातील प्रत्येक पोत्यामागे धर्मादाय काढण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. त्याच रीतीने आपल्या संघाच्या चोपडीत एक नवे खाते उघडावे व त्यास ‘जिवाणी खाते’ असे नाव द्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पाण्याचे किंवा रोग्यांच्या सेवेचे कोणतेही यंत्र देताना यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम या खात्यात जमा व्हावी. दोन यंत्रांच्या जागी एकच देता आले तरी हरकत नाही. दुकानातील काट्याचा घसारा आपण दर वर्षी मांडतो. मग धर्माच्या काट्याला घसारा नाही असे का समजावे?

या खात्यातून दान देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, पाण्यात नेमका दोष कोणता, याचा प्रयोगशाळेचा लेखी दाखला आहे काय? दुसरी, त्या दोषास हेच साधन लागते काय, की नुसते गाळणे, उकळणे किंवा दुसरी विहीर पुरेल? तिसरी, साधनाची मर्यादा किती, ती संपल्यावर बदलणारा माणूस कोण व त्याचे वेतन कोठून? चौथी, जे वेगळे निघेल ते कोठे जाईल? चौथ्या प्रश्नास उत्तर नसेल तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही चांगली असोत, दान तूर्त थांबवावे. आणि यंत्रापाशी जी पाटी लावावयाची तिच्यावर दात्याच्या नावाहून मोठ्या अक्षरांत गाळणी शेवटची कधी बदलली व पाणी शेवटचे कधी तपासले, या दोन तारखा असाव्यात. ती पाटी वाचून पाणी भरणाऱ्या बाईला जो धीर येईल, तोच दात्याचा खरा कीर्तिस्तंभ.

यात खर्च वाढेल आणि समारंभांची संख्या घटेल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु ज्या समाजाने गळण्यावर अडकलेल्या, डोळ्यांनाही न दिसणाऱ्या जीवासाठी कडीची बादली विहिरीच्या पाण्यापर्यंत सोडली, त्याला देखभालीचा हा भार जड वाटू नये. येत्या वार्षिक सभेत हा विषय चर्चेस घ्यावा व संघातील तरुण पदवीधर मंडळींनी पाणी तपासण्याची जबाबदारी आपल्याकडे घ्यावी, अशी सर्व बंधुभगिनींना विनंती आहे.

जय जिनेंद्र.